रात्री बधिर होणारा हात

"डॉक्टर, दिवसा कामात असते तेव्हा एवढं काही जाणवत नाही. रात्री मात्र हात मरून जातो. उठून झटकते, मग जरा जीव येतो त्यात."

राहाता तालुक्यातील एका वस्तीवरून आलेल्या बाईंनी मला हे सांगितले, त्याला आता तीन वर्षे होत आली. वय सत्तेचाळीस. घरी सहा संकरित गाई आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही धारा त्यांच्याच हाताच्या. मी त्यांची मान तपासली, मानेचा एक्स-रे काढायला सांगितला. त्यात मणके थोडे झिजलेले दिसले. निदान झाले असे समजून मी मानेचा पट्टा आणि नसांच्या गोळ्या लिहून दिल्या. पंचेचाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांच्या मानेचा एक्स-रे काढला तर मणके थोडेफार झिजलेले दिसतात, हे मला ठाऊक होते. तरीही दवाखान्यात गर्दी होती, एक्स-रे समोर होता, आणि मी हात हातात घेऊन पाहिलाच नाही.

आठ महिने त्या अधूनमधून येत राहिल्या. मी गोळ्या बदलल्या, बी-बाराची इंजेक्शने दिली. एक दिवस त्या आल्या त्या दुसऱ्याच तक्रारीसाठी: दूध डेअरीवर नेताना किटली हातातून सुटली होती. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितले की झंपरचे हुक आता सुनेकडून लावून घ्यावे लागतात. मग मी त्यांचे दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवायला सांगितले. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो उजव्या हातावर सपाट झाला होता. तिथे हाड बोटाला लागत होते. मानेचा आणि त्या हाताचा काहीही संबंध नव्हता. दुखणे मनगटात होते आणि मी आठ महिने गळ्याला पट्टा बांधून बसलो होतो.

या आजाराचे नाव कार्पल टनेल सिंड्रोम. कार्पस म्हणजे मनगट आणि टनेल म्हणजे बोगदा. मनगटात आठ लहान हाडे असतात. ती अशी रचलेली असतात की तळव्याच्या बाजूला त्यांची पन्हाळीसारखी खोलगट घळ तयार होते. या घळीवर एक जाड, चिवट पट्टा आडवा ताणलेला असतो. शेतातल्या पाटावर रस्ता जातो तिथे मोरी असते, तशीच ही मोरी समजा. तिच्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायूंचे कंडरे जातात आणि त्यांच्या सोबतीने एक मज्जातंतू जातो. मोरीच्या भिंती एका बाजूने हाडाच्या आणि दुसऱ्या बाजूने न ताणणाऱ्या पट्ट्याच्या. आत थोडी जरी सूज आली, तरी फुगायला जागा नसते. दाब वाढतो आणि त्या दहा जणांत सर्वांत मऊ जो असतो तो चिरडला जातो. तो म्हणजे मज्जातंतू.

आपल्याकडे शीर म्हटले की रक्तवाहिनीही तीच आणि मज्जातंतूही तोच. त्यामुळे "शीर दबली" असे सांगितले की पुष्कळांना रक्त अडल्यासारखे वाटते आणि मग चोळणे सुरू होते. इथे रक्त अडलेले नसते. जिच्यातून मेंदूकडे संवेदना जाते आणि अंगठ्याकडे हुकूम येतो, अशी ही तार असते. ती दबली की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा राहू लागतो, आणि सर्वांत शेवटी अंगठ्याच्या बुडाचा स्नायू वाळतो. हा क्रम महिन्यांचा असतो, कधी वर्षांचा. म्हणूनच दुर्लक्ष होते.

रात्रीच का? झोपेत आपण मनगट वाकवून, बहुधा उशीखाली किंवा गालाखाली घेऊन झोपतो. वाकलेल्या मनगटात मोरीतला दाब आणखी वाढतो. शिवाय आडवे झाल्यावर दिवसभर पायाकडे उतरलेले पाणी अंगात इतरत्र पसरते. दोन-तीन वाजता माणूस जागा होतो, हात लोंबकळत ठेवतो, झटकतो आणि बरे वाटते. रात्री हात झटकावा लागतो, ही तक्रार रुग्णाने आपण होऊन सांगितली की डॉक्टरचा कान टवकारला पाहिजे. माझा टवकारला नाही.

वाचकांनी एक गोष्ट घरीच पाहावी. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात? या मज्जातंतूचा मुलूख म्हणजे अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू. करंगळी त्याच्या हद्दीत येत नाही. सगळा हात बधिर होतो असेच बहुतेक जण सांगतात, पण "आज रात्री जाग आली की करंगळीला चिमटा घेऊन बघा" असे सांगून पाठवले, की दुसऱ्या खेपेला ते म्हणतात, करंगळी शाबूत आहे. करंगळीच बधिर होत असेल तर दबलेली तार दुसरी आहे आणि ती बहुधा कोपरात दबली आहे. मधुमेहामुळे येणारा बधिरपणा सहसा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो. मानेतून येणारा त्रास मान वळवल्यावर वाढतो आणि दंडातून खाली उतरतो. हे नियम शंभर टक्के पाळले जातात असे नाही, आणि एकाच माणसाला मान व मनगट दोन्ही असू शकते. पण सुरुवात इथून करावी.

आणखी एका भीतीबद्दल बोलले पाहिजे, कारण खेड्यात ती उघड बोलली जात नाही. हाताची बोटे बधिर झाली की घरच्यांच्या मनात कुष्ठरोगाची शंका येते. एका घरी तर सासूने सुनेची ताट-वाटी वेगळी केली होती. कुष्ठरोगात मज्जातंतू बाधतात हे खरे, म्हणून तपासताना मी अंगावर न खाजणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा आहे का ते पाहतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला असलेली नस जाड, दोरीसारखी लागते का ते चाचपतो. तिथली नस त्या रोगात फार वेळा बाधते आणि तिच्या ताब्यात करंगळी असते. तसे काही आढळले तर औषधे सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. ताट वेगळे करण्याची गरज तेव्हाही नसते.

हा त्रास कोणाला होतो? पुरुषांपेक्षा बायकांना पुष्कळ अधिक, आणि त्यातही चाळिशी ते साठीच्या दरम्यान. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, सांध्यांचा वात, लठ्ठपणा, मनगटाचे जुने फ्रॅक्चर ही कारणे नेहमीची. गरोदरपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत अंगावर सूज येते तेव्हाही हात बधिर होतो. तो बहुधा बाळंतपणानंतर आपोआप जातो, तिथे घाईने कापाकापी करू नये. म्हणून हाताची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची रक्तातील साखर आणि थायरॉईडची तपासणी मी आता न चुकता करवून घेतो. त्या बाईंची साखर ठीक निघाली, थायरॉईड कमी निघाले. त्याची गोळी तेव्हाच सुरू झाली.

आणि काम. जोर लावून, मनगट वाकवून, तीच ती हालचाल दिवसातून हजारो वेळा करणे, किंवा हातात थरथरणारे यंत्र धरणे, यांनी हा आजार वाढतो. खडक फोडण्याचे ब्रेकर चालवणारा, गॅरेजमधला मिस्त्री, संगमनेर-नगरकडच्या विडी वळणाऱ्या बाया, शिवणकाम करणारे शिंपी, हे सगळे माझ्या खोलीत या तक्रारीसाठी येऊन गेले आहेत. संगणकावर टंकलेखन केल्याने हा आजार होतो असे शहरात फार बोलले जाते. त्याचा पुरावा मात्र कमकुवत आहे. हाताने धार काढण्याचा पुरावा त्यापेक्षा बराच पक्का आहे. आपला जिल्हा, २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, दुधासाठी राज्यात ओळखला जातो. पण दुधाचा हिशेब लिटरमध्ये होतो आणि मनगटाचा कुठेच होत नाही. पूर्वी दारात एक गावठी गाय असायची, वासराला पाजून दोन-तीन लिटर निघायचे. आज एकेक संकरित गाय वेळेला आठ-दहा लिटर देते. सहा गाई म्हणजे किती वेळा मूठ आवळली जाते ते मोजून पाहा.

त्यातही पद्धतीचा फरक पडतो. पशुवैद्यक सांगतात की पूर्ण मुठीने धार काढावी, अंगठा मुडपून सडावर दाबू नये, कारण सडाला इजा होते. त्यांनी गाईसाठी सांगितलेली ही गोष्ट बाईच्या हातासाठीही तितकीच बरोबर आहे.

या आजाराचा इतिहास मला नेहमी आवडतो, कारण उत्तर सापडायला वैद्यकाला फार वेळ लागला. १८५४ मध्ये इंग्लंडचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी एका रुग्णाची हकिकत नोंदवली. मनगटाजवळ मोडलेले हाड जुळताना जास्तीचे हाड वाढले होते, त्याखाली मज्जातंतू दबला होता आणि अंगठा व शेजारच्या बोटांना जखमा होऊन त्या भरत नव्हत्या. मनगट अशा रीतीने बांधून ठेवले की दाब सुटावा, तेव्हा जखमा भरल्या. १९१३ मध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा या फ्रेंच डॉक्टरांनी मृत्यूनंतरच्या तपासणीत पट्ट्याच्या अगोदर फुगलेला आणि पट्ट्याखाली चेपलेला तंतू पाहिला आणि लिहून ठेवले की वेळीच हा पट्टा कापला तर हात वाचेल. प्रत्यक्षात पट्टा कापण्याच्या शस्त्रक्रियेची हकिकत १९३३ मध्ये जेम्स लिअरमंथ यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून प्रसिद्ध केली. हेच लिअरमंथ पुढे १९४९ मध्ये इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या पायाच्या रक्तपुरवठ्यासाठी शस्त्रक्रिया करणारे सर्जन. तरीही हे दुखणे रोजच्या दवाखान्यात ओळखले जाऊ लागले ते १९५० नंतर, अमेरिकेतील जॉर्ज फेलन यांनी त्यावर सतत लिहिल्यामुळे. त्याआधी अशा रुग्णांना मानेचे, खांद्याचे किंवा "नर्व्हसपणाचे" औषध मिळत असे. म्हणजे माझी चूक फार जुन्या वळणाची होती.

फेलन यांच्या नावाची तपासणी अगदी सोपी आहे. दोन्ही हातांचे पंजे खाली सोडून, त्यांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटे पूर्ण वाकवायची आणि मिनिटभर तसेच राहायचे. त्या मिनिटात ठरावीक बोटांना मुंग्या आल्या तर संशय बळावतो. मनगटाच्या मध्यावर बोटाने टकटक केल्यावर बोटात झिणझिण्या जाणे ही दुसरी खूण. खात्रीसाठी मज्जातंतूतून विजेचा हलका प्रवाह किती वेगाने जातो ते मोजतात. त्याला नर्व्ह कंडक्शन टेस्ट म्हणतात. बारीक चटके बसतात, घाबरण्यासारखे काही नसते. दाब किती आणि तंतूचे नुकसान कितपत झाले, याचा अंदाज त्यातून येतो.

प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही, हे स्पष्ट सांगतो. त्रास नवा असेल, मुंग्या येऊन जात असतील आणि अंगठ्याचा उंचवटा भरलेला असेल, तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दीड-दोन महिने बांधावा. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या या पट्ट्यात धातूची पट्टी असते आणि ती पुष्कळदा मनगट मागे वाकलेल्या स्थितीत ठेवते. ती काढून हाताने सरळ करून पुन्हा घालावी. एवढीशी गोष्ट, पण न केल्यामुळे पट्टा कुचकामी ठरतो. संगमनेरकडच्या एका विडी कामगार बाईंचा त्रास केवळ पट्ट्याने आणि मधूनमधून हाताला विसावा देण्याने गेला. पट्ट्याने भागले नाही तर बोगद्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात. ते जाणत्या हातानेच घ्यावे. त्याने कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने आराम पडतो, पण बऱ्याच जणांचा त्रास परत येतो. मधुमेही माणसाची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, तिच्याकडे लक्ष ठेवावे.

नसांच्या गोळ्यांबद्दल मी स्वतः पुष्कळ लिहून दिल्यामुळे बोलायचा मला अधिकार आहे. ज्याला बी-बाराची खरोखर कमतरता आहे त्याला ते द्यावेच. पण मोरीत दबलेला तंतू गोळीने सुटत नाही, आणि बी-सहा हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत फार दिवस घेतले तर त्यानेच मज्जातंतू खराब होतात. चोळण्याने, शीर बसवून घेण्याने काही साधत नाही. डाग देणे तर पूर्ण थांबवा. बधिर कातडीला चटका कळत नाही. चुलीवरचा तवा, गरम पातेले धरतानाही अशा माणसाने डोळ्याने पाहून धरावे.

बधिरपणा चोवीस तास राहू लागला, वस्तू हातातून सुटू लागल्या, हुक-बटण लावता येईना, किंवा अंगठ्याचा उंचवटा उतरू लागला, की पट्टा आणि इंजेक्शनात वेळ घालवायचा नसतो. त्या बाई इथवर पोहोचल्या होत्या. मी त्यांना समोर बसवून झालेली चूक सांगितली आणि ऑपरेशनचे नाव काढले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आणि शीर कापली गेली तर?"

हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. ऑपरेशनमध्ये मज्जातंतू कापत नाहीत. मोरीवरचा तो आडवा पट्टा मधोमध उभा कापतात. पट्ट्याची दोन टोके बाजूला सरकतात, बोगद्याची जागा वाढते आणि तंतूवरचा दाब सुटतो. कापलेला पट्टा पुन्हा शिवायचा नसतो. मधली फट पुढे नव्या तंतूंनी भरते आणि पट्टा पहिल्यापेक्षा लांब होऊन जुळतो. तळव्याच्या बुडाशी तीन-चार सेंटीमीटरची चीर, फक्त त्या जागेपुरती भूल, वीस मिनिटांच्या आसपासचे काम, आणि बहुधा त्याच दिवशी घरी. अलीकडे काही सर्जन भुलीच्या औषधात ॲड्रेनॅलिन मिसळून, दंडाला आवळपट्टा न बांधता हे करतात. रक्तस्राव कमी होतो आणि दंड आवळल्याची कळ सोसावी लागत नाही. दुर्बिणीतून करण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिच्यात चीर लहान, कामावर परतणे थोडे लवकर. पण सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही पद्धतींचे फळ जवळपास सारखेच. म्हणून दुर्बिणीसाठी कर्ज काढू नये. करणारा सर्जन हाताची ऑपरेशने नेहमी करतो का, हे विचारावे. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तिथे अस्थिरोग विभाग आहेत. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद न करता सर्जनला आधी सांगावी.

धोके अगदी नाहीत असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. जखम पिकू शकते, व्रण दुखरा राहू शकतो, पट्टा अर्धवट कापला गेल्यास त्रास तसाच राहतो, क्वचित तंतूला किंवा त्याच्या फांदीला इजा होते. पण वेळेवर आणि योग्य निदानावर केलेल्या ऑपरेशनने बहुसंख्य रुग्णांना आराम पडतो. माझ्या पाहण्यात "ऑपरेशन फसले" म्हणून आलेल्या एका निवृत्त शिक्षकांचे दुखणे मुळात मानेतलेच होते. माझ्या चुकीच्या बरोबर उलटी चूक. त्यांचा हात कापण्याआधी कोणी करंगळीबद्दल विचारले नव्हते.

बाईंचे ऑपरेशन झाले ते उन्हाळ्यात, कारण तेव्हा दोन गाई आटलेल्या होत्या. दोन्ही हात दुखत असले तरी एकदम दोन्ही करू नयेत, निदान आमच्याकडच्या बाईमाणसाने तरी. धुण्या-पुसण्यासाठी एक हात मोकळा लागतो.

बरे होण्याच्या काळाबद्दल रुग्णांना फार कमी सांगितले जाते आणि बहुतेक नाराजी त्यातूनच येते. त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

पहिले दोन-तीन दिवस हात छातीच्या वर ठेवायचा, झोपताना उशीवर. गळ्यात झोळी घालून दिवसभर हात लोंबता ठेवला की बोटे सुजतात. बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची: पूर्ण मूठ, पूर्ण उघड, तासातासाने दहा वेळा. मूठ वळताना टाके तुटतील या भीतीने हात आखडून धरणारे रुग्ण पुढे महिनाभर ताठ बोटे घेऊन फिरतात. चहाचा कप, केस विंचरणे, जेवणे ही कामे दोन-तीन दिवसांत करायला हरकत नाही. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर पट्टी कोरडी राहिली पाहिजे आणि गोठ्यात, शेणात तो हात जाता कामा नये. हे मी घरच्या सगळ्यांना बोलावून सांगितले, कारण एकट्या बाईला सांगून उपयोग नसतो. सासू म्हणाली, "शेण काढायला काय होतंय डाव्या हातानं?" मी नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फोनवर बाईंचा आवाज उत्साहाचा होता. चार वर्षांत पहिल्यांदा त्या सकाळपर्यंत झोपल्या होत्या. रात्रीच्या मुंग्या अशा पहिल्या काही दिवसांतच जातात. पण टाके काढायला आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. "मुंग्या गेल्या, पण हातात ताकदच नाही. आधी निदान पोळ्या तरी लाटत होते. तळवा दाबला की कळ येते."

याची कल्पना आधी दिली नाही तर माणूस हबकतो. तो पट्टा मनगटाच्या हाडांना बांधून ठेवणाऱ्या वादीसारखा असतो. तो कापला की काही आठवडे पकड आधीपेक्षाही कमी होते आणि तळव्याच्या दोन्ही कडांना, टेकून उठताना किंवा काही दाबताना, दुखते. व्रणही टणक लागतो. हे सगळे हळूहळू ओसरते. पकड बहुधा तीन महिन्यांच्या आसपास पूर्वपदावर येते, कोणाकोणाला सहा महिने लागतात. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, व्रणावर खोबरेल तेलाने गोल गोल, दाब देऊन पाच मिनिटे दिवसातून दोन-तीनदा चोळावे. चोळण्याला मी इथेच परवानगी देतो. बोटांचे व्यायाम एकदा नीट शिकून घेतले की बहुतेकांना घरी पुरतात, यंत्रांचा शेक घेत रोज तालुक्याला जाण्याची गरज नसते. मोटारसायकल किंवा स्कूटी, ब्रेक न दुखता घट्ट आवळता येईल तेव्हा. हे साधारण दोन-तीन आठवड्यांनी जमते. धार, खुरपणी, पाण्याच्या कळशा, यांना सहा ते आठ आठवडे थांबायचे.

ताप आला, जखमेतून पू आला, लाली वर चढू लागली, बधिरपणा ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाढला, किंवा हात सुजून, चकचकीत होऊन आग आग होऊ लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता सर्जनकडे जायचे.

बोटांच्या टोकांचा बधिरपणा जायला सर्वांत जास्त वेळ लागतो. नुकसान झालेला तंतू नव्याने वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा, म्हणजे कळेल. बाईंना चौथ्या महिन्यात पिशवीतली एक आणि दोन रुपयांची नाणी न पाहता ओळखू येऊ लागली. मधल्या बोटाचे टोक अजून जरासे जाड लागते.

अंगठ्याचा उंचवटा मात्र भरला नाही. वर्ष उलटून गेल्यावर तो फारसा भरणारही नाही. ऑपरेशन पुढचे नुकसान थांबवते. वाळून गेलेला स्नायू परत आणण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हुक आता त्या डाव्या हाताने लावतात आणि सुई ओवायला नातीला बोलावतात. पहिल्याच भेटीत मी तो तळवा उताणा करून पाहिला असता, तर त्या वेळी तो भरलेला असण्याचीच शक्यता अधिक होती. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तरी कुठं हात दाखवला डॉक्टर, मी पण मानच पुढं केली." त्यांनी ते माझी समजूत घालायला म्हटले. हात पुढे करायला लावणे हे काम माझे होते.

आता माझ्या टेबलावर, रुग्ण बसतात त्या बाजूला, मी एक लहान उशी ठेवली आहे. हातात मुंग्या म्हणणाऱ्याचे दोन्ही तळवे आधी त्या उशीवर येतात, एक्स-रे नंतर.

बाईंच्या मुलाने गेल्या वर्षी धार काढण्याचे यंत्र घेतले. यंत्र लावल्यानंतर सडात राहिलेले थोडे दूध त्या अजूनही हाताने काढतात, सवय सुटत नाही, पण मुठीने काढतात आणि दोनच गाईंचे. आता डाव्या हाताला रात्री मुंग्या येऊ लागल्या आहेत. या वेळी त्या पंधरा दिवसांत आल्या. डावा उंचवटा चांगला भरलेला आहे, तपासणीत दाब मध्यम निघाला आहे, सध्या रात्रीचा पट्टा चालू आहे. त्याने भागले नाही तर ऑपरेशन दिवाळीनंतर करायचे ठरले आहे. तेव्हा एक गाय आटलेली असेल आणि सून माहेरून परत आलेली असेल.